मोठ्यांना पोलिओ होतो तेव्हा

प्रश्न : पोलिओ लहान मुलांचा आजार ना? माझं वय 42 आहे. मी कशाला काळजी करायची?

या गैरसमजाचं मूळ जुन्या नावात आहे. ‘बालपक्षाघात’ म्हटलं की मोठ्यांना आपण सुटलो असं वाटतं. विषाणू वय बघत नाही, संरक्षण आहे की नाही एवढंच बघतो. 2022 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका विशीतल्या तरुणाचे पाय लुळे पडले. त्यानं लस घेतलेली नव्हती. लस घेतलेली असेल तर तुमची काळजी जवळपास मिटली.

नसेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण 1000 मध्ये एकाला लकवा होतो, मोठ्यांमध्ये हे प्रमाण 75 मध्ये एक असं धरतात. लकवा झालेल्या मुलांपैकी 2 ते 5 टक्के दगावतात, मोठ्यांपैकी 15 ते 30 टक्के.

प्रश्न : दोन दिवस ताप, अंगदुखी, घसा धरलाय. हा पोलिओ आहे का, कसं ओळखायचं?

एवढ्यावरून मलाही ओळखता येणार नाही. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. चारांपैकी एखाद्याला फ्लूसारखा त्रास होतो आणि काही दिवसांत आपोआप जातो. तुमच्यासारखी पत्रं पुष्कळ येतात. त्यातली जवळजवळ सगळी साध्या तापाची असतात.

लक्ष ठेवायचं ते पुढच्या टप्प्यावर. मान आखडते, पाठ आणि मांड्या असह्य दुखतात, मग एकाएकी एका पायातला जोर जातो. मुलांमध्ये आधीचा ताप उतरून मधे दोनचार दिवस बरे जातात आणि दुखणं उलटतं. मोठ्यांमध्ये अशी उसंत बऱ्याचदा मिळतच नाही. काहींची लघवी अडते.

पोलिओच्या लकव्याची चाल ठरलेली आहे. तो दोन्ही बाजूंना सारखा नसतो : उजवा पाय उचलत नाही, डावा जवळपास ठीक. पोटरीपेक्षा मांडी जास्त ढिली पडते. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. तरीही टाचणी टोचली की कळते, कारण विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, स्पर्शाच्या वाटेला सहसा जात नाही. कमजोरी दोनतीन दिवस वाढते आणि ताप उतरला की बहुधा तिथेच थांबते.

आवाज नाकातून येऊ लागला, पाणी गिळताना ठसका लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा.

प्रश्न : ताप नाही, पण दोन्ही पावलांना मुंग्या येतात आणि त्या वर सरकतायत. पायही जड झालेत.

ही लक्षणं पोलिओपेक्षा गियाँ-बारे सिंड्रोमशी जास्त जुळतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. दोन्ही बाजू सारख्या, मुंग्या, सुरुवातीला ताप नाही, हा त्याचा ढंग. हे दोन आजार वेगळे काढणं भल्याभल्यांना अवघड जातं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 1921 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी लकवा झाला आणि निदान पोलिओचं झालं. तो गियाँ-बारे असावा असं काही संशोधकांनी पुढे मांडलं. तुम्ही मात्र वादाचा निकाल लागण्याची वाट न बघता आजच रुग्णालयात जा, कारण यातही श्वास अडू शकतो. पोलिओची शंका राहिली तर डॉक्टर 24 तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने मागतील. ते लकवा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लाजू नका.

प्रश्न : चौथ्या वर्षी पोलिओ झाला होता. आता 54 वर्षांची आहे. चांगला पायसुद्धा थकतो, रात्री गोळे येतात. पोलिओ परत आलाय का?

नाही, विषाणू परतलेला नाही आणि तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. हा पोस्ट-पोलिओ सिंड्रोम असू शकतो. पहिल्या आजारानंतर साधारण 15 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, तो डोकं वर काढतो. त्या वेळी वाचलेल्या चेतापेशींनी मेलेल्या शेजारणींचे स्नायूतंतूही आपल्या पदरात घेतले. इतकी वर्षं दुप्पट-तिप्पट संसार ओढून आता त्या दमू लागल्यात. ‘चांगल्या’ पायालाही तेव्हा झळ बसलेली असते, फक्त ती कळलेली नसते.

अर्थात थायरॉइड, रक्तक्षय, कमरेच्या मणक्यात दबलेली नस यांची तपासणी आधी व्हायला हवी. सगळं खापर पोलिओवर फोडणं हा आम्हा डॉक्टरांचा आवडता आळस आहे. व्यायाम सोडू नका, पण थकायच्या आधी थांबा. ‘जोर लावा, जिद्द ठेवा’ हा लहानपणी ऐकलेला सल्ला आता उलटा पडतो. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना जुन्या पोलिओबद्दल आवर्जून सांगा.

प्रश्न : मोठेपणी लस घेता येते?

येते. अजिबात न घेतलेल्यांना इंजेक्शनचे तीन डोस : पहिल्यानंतर एकदोन महिन्यांनी दुसरा, त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. लहानपणी सगळे डोस झालेल्यांना, लागण सुरू असलेल्या भागात जायचं असेल तर एक वाढीव डोस पुरतो.

प्रश्न : ताप आणि पाय दुखत असताना व्यायाम करून अंग मोकळं करावं का?

नको. त्या दिवसांत दमवलेल्या स्नायूंचा लकवा जास्त गंभीर होतो, असं दिसलं आहे. पडून राहा. त्याच दुखऱ्या भागात स्नायूत सुई टोचून घेण्याआधीही डॉक्टरांना शंका बोलून दाखवा.