कुंदा कोणी पळवला? प्राण्यांच्या रहस्यकथांविषयी वाचकांच्या शंका

प्रश्न : सहावीच्या मुलांसाठी गोष्ट लिहितेय. गुप्तहेर मुंगूस आहे आणि ते रात्रभर भाताच्या कोठारावर पाळत ठेवतं. वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, मुंगूस रात्री झोपतं की!’’ तिथंच गोष्ट पडली. प्राणी बदलू का? (शिक्षिका, खानापूर)

उत्तर : प्राणी राहू द्या, त्याची पाळी बदला. मुलाचं म्हणणं खरं आहे. आपल्या बांधावर दिसणारं मुंगूस दिवसा हिंडतं आणि अंधार पडला की बिळात जातं. म्हणून रात्रीच्या कामाला पिंगळा घ्या. जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारं हे छोटं घुबड तिन्हीसांजेला बाहेर पडतं. दोघांची गाठ पडते फक्त दिवेलागणीला आणि पहाटे. दिवसभराची माहिती मुंगसानं पिंगळ्याला द्यायची, रात्रीची पिंगळ्यानं मुंगसाला. त्या पाचदहा मिनिटांत एखादी गोष्ट सांगायची राहून गेली की तुमचं पुढचं प्रकरण तयार.

कुठलंही पात्र नक्की करण्याआधी वहीत चार रकाने आखा: जागं कधी असतं, काय कळतं, काय कळत नाही, मागे काय सोडतं. तिसऱ्या रकान्यावर जास्त वेळ घालवा, कारण रहस्य तिथूनच निघतं. कुत्र्याला वास जबरदस्त कळतो, पण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. त्यानं ‘लाल पिशवी पाहिली’ अशी साक्ष दिली तर एकतर तो खोटं बोलतोय किंवा त्याला कोणीतरी पढवलंय. साळिंदर काटे फेकून मारत नाही, पण चालता चालता त्याचे काटे गळतात. मुख्य पात्रं चार-पाचच ठेवा. दहा झाली की मुलं नावं विसरतात आणि मग संशय कोणावर घ्यायचा हेच त्यांना कळत नाही.

प्रश्न : माझ्या कथेत घरातला कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा रिकामा होतो. आळ मांजरीवर येतो. मांजराला गोड चव कळतच नाही, असं सांगून शेवटी ती सुटते. पण वाचून दाखवल्यावर मुलं म्हणतात, शेवट पटत नाही. काय चुकलं? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या. मांजराला गोड चव कळत नाही हे खरं, पण कुंदा म्हणजे नुसती साखर नव्हे. त्यात दूध आहे, खवा आहे. दुधातल्या स्निग्धाच्या ओढीनं मांजर डब्यात तोंड घालणारच, आणि घरी मांजर असलेल्या मुलाला हे तुमच्याआधी माहीत असतं. दुसरी चूक मोठी आहे. ज्या माहितीवर मांजर सुटते ती वाचकाला शेवटच्या पानावर मिळते. म्हणजे शोध मुलांनी लावलाच नाही, तो तुम्ही परस्पर जाहीर केलात.

कथा उलटीकडून बांधा. आधी चोर ठरवा. आमची सूचना उदमांजराची. ते रात्री फिरतं, फळं आणि गोड रस आवडीनं खातं, दिवसा कौलारू घराच्या माळ्यावर दडतं. आणि त्याच्या अंगाला चक्क बासमती भातासारखा वास येतो! बेळगावी बासमतीच्या मुलखात याहून चांगला दुवा कुठला मिळणार?

आता घटनेचा दिवस आषाढी एकादशी धरा. कुंदा दुसऱ्या दिवशी उपास सोडायला आणून ठेवलाय. पहिल्या प्रकरणात आजी सहज म्हणते, ‘‘आज कोणाकडं गं बासमती शिजतोय?’’ एवढंच. पुढे लगेच फराळाचं काहीतरी बोलणं घाला, म्हणजे वाक्य डोळ्यांवर येणार नाही. एकादशीला भात कोण शिजवणार, हा प्रश्न ज्याला पडेल त्याला पडेल. दुसऱ्या प्रकरणात माळ्याच्या कडेला जांभळाच्या बिया असलेली विष्ठा दिसते. मुलं ‘शी’ म्हणून हसतील आणि नेमकी लक्षात ठेवतील. तिसऱ्यात पाऊस आत येतो, कारण एक कौल सरकलेलं आहे. इथं घरची माणसं वाऱ्याला दोष देतात. त्याच प्रकरणात मांजरीच्या मिशांना खवा लागलेला दाखवा, कारण उघड्या डब्यातला उरलासुरला भाग तिनं चाटलाच आहे. ती पूर्ण निर्दोष नसणं चांगलं.

मांजर सुटते ती चौथ्या प्रकरणात, ठशांवरून. तुळशीपुढे रांगोळी सांडलीय आणि तिच्यावर पाऊल उमटलंय. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात, नखं दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. इथं पाच बोटं आहेत आणि नखांचे ठिपकेही आहेत. तुळस अंगणात असेल तर मात्र तिच्यावर पत्रा किंवा पडवीचं छप्पर हवं. आषाढातल्या पावसात उघड्यावर रांगोळी टिकत नाही. हा पत्रा पहिल्याच प्रकरणात, आजी पूजा करते तेव्हा, दाखवून ठेवा. पाचव्यात उलगडा. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पाच प्रकरणं मिळून १५०० ते २००० शब्द पुरतात.

लिहून झालं की प्रत्येक खुणेखाली पेन्सिलीनं रेघ मारा. चौथं प्रकरण संपेपर्यंत तीन तरी रेघा दिसल्या पाहिजेत, आणि त्यांतली एकही प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत नको. तिथं ठेवलेली खूण ओरडून बोलते.

प्रश्न : मी ‘प्राणीनगर’ कल्पिलं आहे. शेकरू तंबाखूच्या वखारीत राहतं, शेजारी नदी, मागे डोंगर. नकाशा काढण्याची खरंच गरज आहे का? (निपाणी)

उत्तर : आहे, आणि तो काढताना पहिलं शेकरू बाहेर जाईल. ते खानापूरकडच्या दाट, उंच झाडांच्या रानातलं जनावर. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातं, जमिनीवर क्वचित उतरतं. वखारीत साधी खार ठेवा, किंवा घूस.

एका कागदावर आठच ठिकाणं मांडा. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका. ‘मुंगसाला धावत एवढा वेळ, कासवाला सकाळपासून दुपारपर्यंत’ असं लिहा, म्हणजे ‘मी तेव्हा तिथं नव्हतो’ हा बचाव तपासता येतो. मातीही रंगवा. खानापूरकडे तांबडी, निपाणी-चिक्कोडीकडे काळी. काळ्या रानातल्या संशयिताच्या पायाला तांबडी माती लागलेली असली की पुढं बोलायची गरज नाही. फक्त जांभ्या दगडावर ठसे उमटवू नका.

मग जगाचे नियम लिहा. माणसं आहेत का? पैसे चालतात का? कोण कोणाला खातो? मुंगसाचा जिवलग मित्र उंदीर असेल, तर मुंगूस काय खातं हे पहिल्या दोन पानांतच सांगून टाका, नाहीतर मुलं विचारणारच. कपड्यांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण खिसा नसेल तर सापडलेला पुरावा तोंडात धरावा लागतो, आणि मग गुप्तहेराला बोलता येत नाही. हा नियम आम्हाला फार आवडतो.

प्रश्न : आमच्याकडची मुलं ‘काय करालाईस’, ‘ये की’ असंच बोलतात, मधूनच कन्नडही येतं. पुस्तकात किती घ्यावं? (चिक्कोडी)

उत्तर : निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आपल्या बोलीत. कन्नड शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका, पुढच्या कृतीतून कळू द्या. आणि कन्नड बोलणारं पात्र केवळ चोर किंवा विदूषक करू नका. सीमाभागातली मुलं दोन्ही भाषांत खेळतात, त्यांना ते लगेच खुपतं.

दोन भाषांचा खरा उपयोग खुणेसाठी करा. कावळा झाडावरून ओरडतो, ‘‘केळु, केळु!’’ मराठी मुंगूस केळ्याची साल शोधत बसतं. तो बिचारा ‘ऐक, ऐक’ म्हणत असतो. यात एक बारकावा आहे: कावळा वयानं मोठा किंवा बरोबरीचा हवा. लहान असेल तर तो मुंगसाला आदरानं ‘केळ्री’ म्हणेल आणि गंमत फसेल. तसंच ‘हालु’ म्हणजे दूध आणि आपलं ‘हळू’. ही खूण दुसऱ्या प्रकरणातच खर्चून टाका. तुमचे वाचक ती गुप्तहेराच्या आधी सोडवतील, त्यामुळे शेवटचा उलगडा तिच्यावर टांगू नका.

प्रश्न : फक्त आपल्याच भागातला म्हणावा असा एखादा प्राणी सुचवा. (बेळगाव)

उत्तर : ‘फक्त’ म्हणता येणार नाही, पण खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ घ्या. मोठ्या कानांचं हे वटवाघूळ कित्येक वर्षं जगात केवळ इथूनच माहीत होतं. पुढे ते इतरत्रही सापडलं. हा भाग भीमगड अभयारण्यात येतो, ते २०११ मध्ये जाहीर झालं. साक्षीदार म्हणून ते छान आहे: आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काळोखातही त्याला आकार आणि हालचाल कळते. ‘‘बुटकं होतं, शेपटी लांब, डावीकडं वळलं,’’ एवढं ते सांगेल. रंग विचारला तर गप्प बसेल. त्याला किडे लागतात, म्हणून आंबे-पेरूच्या चोरीत त्याला अडकवू नका.