४, ९ आणि १४ वर्षांच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एकत्र काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की तिन्ही मुलांना आवडेल असं दोन दिवसांचं काहीतरी सुचवा. माझीही तीन आहेत आणि वयांतली अंतरं जवळपास हीच.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते. एका वर्षी आम्ही मोठ्या वॉटर पार्कला गेलो. धाकटीची उंची कुठल्याच घसरगुंडीला पुरेना, म्हणून ती आणि मी दिवसभर उथळ पाण्यात. थोरली बाबांबरोबर रांगांमध्ये. मधला दोन्हीकडे धावून रडकुंडीला आलेला. पैसे पाच जणांचे भरले आणि एकत्र जेवलो तेवढेच. तेव्हापासून मी प्रत्येकासाठी वेगळी मजा शोधत नाही. जागा एकच, पण काम ज्याच्या त्याच्या वयाचं.

गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर आम्ही अलिबागला कुलाबा किल्ला बघायला गेलो. हा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला चालत जाता येतं. म्हणजे कधी निघायचं हे समुद्र ठरवतो, आणि तो हिशेब मी थोरलीकडे सोपवला. कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास आणि त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. तिने हे वहीत मांडलं, मग मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिलं. थोडाच फरक होता. परत कधी फिरायचं यात तिचा शब्द शेवटचा, असं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. एरवी फोनमधून मान वर न काढणारी मुलगी दर दहा मिनिटांनी पाण्याकडे बघत होती. चौदाव्या वर्षी मुलांना खेळण्यापेक्षा खरी जबाबदारी हवी असते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक सांभाळा: अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही आणि वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. चतुर्थी-पंचमी बरी. तरीही किनाऱ्यावरच्या लोकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढायला लागायच्या आत परत या.

मधल्याला तटबंदी दाखवा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, सांध्यांत चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आमच्या मधल्याने घरी दिवाळीचा किल्ला केला होता. परत आल्यावर त्याने त्याची एक भिंत पाडली, अंगणातले खडे मातीशिवाय रचले आणि बादलीभर पाणी ओतून बघितलं. दोन दिवस तेच चाललं होतं. आतली गोड्या पाण्याची पुष्करणीही त्याला दाखवा, चारही बाजूंना खारं पाणी असताना हे गोडं कसं, हा प्रश्न तो स्वतःच विचारेल.

चार वर्षांच्या बाळाला किल्ल्याचं काही नसतं. तिला ओल्या वाळूवर खेकड्यांनी करून ठेवलेल्या बारीक गोळ्या पुरल्या. तिच्यासाठी वाटेत अर्धा तास जास्तीचा धरा, आणि परतताना घोडागाडी करा. दमलेलं मूल कडेवर घेऊन वाळूत चालणं सोपं नाही.

दुपारी सगळ्यांनी झोपायचं. दुसरा कार्यक्रम ठेवूच नका. फार तर संध्याकाळी गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी.

रात्रीसाठी पत्त्यांचा कॅट न्या. भिकार-सावकार खेळा. त्यात डोकं चालवावं लागत नाही, सगळं पानांवर, त्यामुळे धाकटीही खरोखर जिंकते आणि कुणाला तिच्यासाठी मुद्दाम हरावं लागत नाही. आमच्याकडे ती लागोपाठ दोन डाव जिंकली, तेव्हा थोरलीनेच तिला उचलून नाचवलं.

पायांत पट्ट्याच्या चपला घाला. वाटेत खडकांवर शेवाळं असतं.