‘डेसिमेट’मधले दहा आणि चिनी भाषेतलं ‘टाकणं’

प्रश्न असा आहे: ‘मी चिनी भाषिक प्रौढांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थिनीने लिहिलं, वादळात पूल “डिस्ट्रॉय” झाला पण वाहतूक चालू आहे. दुसऱ्याने लिहिलं, भूकंपात शाळेची इमारत “डेसिमेट” झाली. डॅमेज, डिस्ट्रॉय, रुइन, डिव्हास्टेट, डेसिमेट यांतला फरक त्यांना कसा सांगू?’

चिनी विद्यार्थ्यांकडे वळण्याआधी आपलं अंगण झाडून घेऊ. ‘फुल्ली डॅमेज झालंय’ हे आपल्याकडे रोज ऐकू येतं. फोन पाण्यात पडला, फुल्ली डॅमेज. भिंत कोसळली, फुल्ली डॅमेज. अहो, डॅमेज म्हणजे वस्तू शिल्लक आहे, तिला इजा झाली आहे. पूर्ण गेलीच असेल तर डॅमेज कुणाला? ‘बॅडली’, ‘सिव्हिअरली’, ‘एक्स्टेन्सिव्हली’ यांपैकी काहीही लावा, ‘फुल्ली’ नको. ‘बिग डॅमेज’ही नको. ‘मोठं नुकसान’ शब्दशः उचलून आपण ते करतो, आणि चिनी लोकही तसंच करतात, कारण त्यांच्याकडेही नुकसान ‘मोठं’च असतं. शिवाय चिनी नामाला आपल्यासारखं अनेकवचन नाही, त्यामुळे इंग्रजीत आल्यावर दिसेल तिथे ‘एस’ लावायचा मोह होतो. ‘पुराने मेनी डॅमेजेस केले’ असं लिहिलं की घोटाळा, कारण अनेकवचनी डॅमेजेस म्हणजे कोर्टात मिळणारी नुकसानभरपाई. पूर ती देत नसतो.

आता डिस्ट्रॉय. तुमच्या विद्यार्थिनीचं वाक्य चुकलं आहे, पण का चुकलं ते बघण्यासारखं आहे. चिनी शब्दकोशात या शब्दासमोर बहुधा ‘फ्वो-ह्वाय’ सापडतं. त्या शब्दाचा संसार मोठा: पर्यावरणाची हानी, नियमभंग, घातपात, मैफिलीचा बेरंग, सगळं त्यात मावतं. नासधूस झाली एवढंच तो सांगतो. ती शेवटाला गेली की अर्ध्यावर थांबली, हे सांगायची जबाबदारी घेत नाही. चिनी क्रियापदांचा हा स्वभावच आहे. भाषाशास्त्रज्ञांत एक वाक्य गाजलेलं आहे: ‘चांग-सानने ली-स्सला दोनदा मारलं, पण ली-स्स मेला नाही.’ (चांग-सान आणि ली-स्स म्हणजे त्यांचे अमका-तमका.) इथलं क्रियापद ‘शा’, म्हणजे ठार करणे. सगळ्याच चिनी भाषिकांना हे वाक्य रुचत नाही, पण अनेकांना रुचतं. नक्की मेलाच, हे सांगायचं तर पुढे ‘मरणे’ जोडून ‘शा-स्स’ म्हणावं लागतं.

इंग्रजी माणूस यावर डोळे विस्फारतो. मराठी माणसाला काही वाटू नये. ‘त्याला मारलं’ म्हणजे चोप दिला की जीव घेतला? ‘मारून टाकलं’ म्हटलं की शंका संपली. चिनी भाषेत हे ‘टाकणं’ जवळजवळ जसंच्या तसं आहे, त्याचं नाव ‘त्याओ’. माय-त्याओ, विकून टाकणे. शाओ-त्याओ, जाळून टाकणे. ह्वेइ-त्याओ, नासवून टाकणे. म्हणून विद्यार्थ्यांना नियमांची यादी देऊ नका. एकच सांगा, डिस्ट्रॉयच्या पोटात ‘त्याओ’ आधीच आहे. फ्वो-ह्वायच्या पोटात नाही. ‘पार्टली डिस्ट्रॉइड’ चालतं का, असं कुणी विचारेलच. चालतं: पुलाच्या चारपैकी दोन कमानी वाहून गेल्या, तर त्या दोन पूर्ण गेल्या.

रुइन आणि डिव्हास्टेट झटकन उरकू. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला, तर कापड कुठेही फाटलं नाही, पण शर्ट कामातून गेला. तो रुइन. डिव्हास्टेटला ऐसपैस जागा लागते, जिल्हा किंवा किनारपट्टी. नाहीतर माणसाचं मन. व्हास्ट आणि वेस्ट त्याचे भाऊबंद, मूळ कल्पना ओसाडपणाची. कपबशी डिव्हास्टेट होत नाही. आपला ‘उद्ध्वस्त’ असाच गावालाही लागतो आणि माणसालाही. (उद् अधिक ध्वस्त. त्यातला द् गिळून ‘उध्वस्त’ छापणाऱ्यांना कुणीतरी तो परत द्या.)

खरी गंमत डेसिमेटमध्ये आहे.

लॅटिन ‘डेकेम’ म्हणजे दहा, आपल्या ‘दश’चा चुलतभाऊ. त्यावरून आलेला डेसिमेट मुळात रोमन सैन्यातली शिक्षा, ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने ती लिहून ठेवली आहे. तुकडीने मैदान सोडलं तर चिठ्ठ्या टाकून साधारण दहातला एक काढायचा आणि त्याला सोट्यांनी मारून टाकायचं (बघा, टाकायचं), तेही त्याच्याच सोबत्यांनी. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव, आणि तंबू तटबंदीच्या बाहेर. स्पार्टाकसने गुलामांचं बंड केलं तेव्हा रोमन सेनापती क्राससने ही जुनी शिक्षा पुन्हा बाहेर काढली. चरित्रकार प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे 500 पळपुट्यांचे दहा-दहाचे 50 गट केले आणि प्रत्येक गटातून एक संपवला.

यावर बोट ठेवून इंग्रजीतले सोवळे पंडित गुरकावतात: डेसिमेट म्हणजे दहातला एकच, जास्त मेले तर दुसरा शब्द शोधा. त्यांना मुळाचा एवढा पुळका असेल तर मूळ तरी पुरतं बघावं. दहावा हिस्सा वसूल करणे हाही त्याच क्रियापदाचा अर्थ. इंग्लंडमध्ये 1655 साली क्रॉमवेलच्या राजवटीने राजपक्षाच्या जमीनदारांवर 10 टक्के कर बसवला, त्याचं नावच डेसिमेशन. त्यात कुणाचं डोकं फुटलं नाही, खिसे फाटले. म्हणजे आपली सरदेशमुखीच की! चौथाई 25 टक्के, सरदेशमुखी 10. मग 1719 च्या सनदांनी शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांत ‘डेसिमेट’ करायचा हक्क मिळाला, असं लिहायला या पंडितांची हरकत नसावी. ‘तेल’ तिळावरून आलं म्हणून शेंगदाण्याचं तेल आपण नाकारत नाही. ‘शाई’ मुळात स्याही, काळी, तरी लाल शाईने शेरे मारतो.

इंग्रजी शब्दांच्या वापराचा कोश लिहिणारा फाउलर त्या मानाने शहाणा. मोजता येणाऱ्या कशाचाही मोठा वाटा गेला तर डेसिमेट चालेल, ही मोकळीक त्याने 1926 मध्येच दिली. शब्दापुढे टक्केवारी जोडायला तेवढी हरकत घेतली. पण अर्थ दहातल्या एकावरून थेट ‘बहुतेक सगळे’पर्यंत का सरकला? माझा अंदाज आवाजाकडे जातो. डिस्ट्रॉय, डिमॉलिश, डिव्हास्टेट, सगळ्या पाडापाडीच्या टोळीचा म्होरक्या ‘डी’. तिथला ‘डी’ उपसर्ग आहे आणि डेसिमेटमधला दहाचा तुकडा, पण कान व्याकरण शिकलेला नसतो. आपल्याकडे धुव्वा, धूळधाण, ध्वंस हे शब्द असेच एका पंगतीत बसतात.

चिनी विद्यार्थ्यांना तर हा शब्द शिकवणं सोपं आहे, कारण दहाचा हिशेब त्यांच्याकडेही आहे, फक्त उलटा. युद्धाने किंवा दुष्काळाने ओस पडलेल्या मुलखाला त्यांची चार अक्षरी म्हण आहे: ‘शर-शर-च्यौ-खुंग’, दहा घरं, नऊ रिकामी. रोमन हिशेबात नऊ उरतात, चिनी हिशेबात एक. आजचा इंग्रजी डेसिमेट रोम सोडून चीनच्या बाजूला गेला आहे, हे वाक्य वर्गात सांगा. कुणी विसरणार नाही. आणि दोन्ही हिशेबांत मोजणी आहे, हेही ठसवा. मधमाश्या, गुरांचा कळप, पलटण, गावची वस्ती डेसिमेट होते. एकटी इमारत होत नाही, तिचा दहावा भाग कुठून काढणार?

हो, पूल राहिला. गाड्या जात असतील तर ‘डॅमेज्ड’. कठडे आणि एक खांब गेला असेल तर ‘बॅडली डॅमेज्ड’. लोक होडीने जात असतील तर ‘डिस्ट्रॉइड’.