पांढऱ्या कार्डाला मोफत उपचार कशाला?

प्रश्न : महात्मा फुले योजनेत आता आम्हा पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ५ लाखांचं कवच आहे. ऐपतवाल्यांचा खर्च सरकारनं का उचलावा? – एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, पैसा तुमचाच, काडेपेटीवरही तुम्ही कर भरता. ब्रिटनमध्ये १९४८पासून मुख्यतः करांतूनच सगळ्यांचे उपचार होतात. (रांगा तिथंही आहेत, चांगल्या लांबलचक!) ऐपतवाले त्याच रांगेत असले की रांगेकडे लक्ष तरी राहतं. माझी तक्रार वेगळीच आहे. ही योजना मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावरची. रोजची बीपीची गोळी तिच्यात बसत नाही, आणि खिसा रिकामा होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. वाढीव पैसा आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटात जावा. तुम्हीही गोळी आधी तिथंच मागा.