सोमवारची मीटिंग चुकवू नकोस

‘ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. वय 37. कांदोळीच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला जाते. काम ऑक्टोबर ते एप्रिल, महिन्याला 14,000. पावसात घरी. मिस्टर 2018 पर्यंत खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, 12,000 सुटतात. मला सरकारच्या गृह आधार योजनेचे 1,500 येतात. दोन मुली शिकताहेत.

घराचं छप्पर गळत होतं म्हणून मायक्रोफायनान्स कंपनीकडून बायकांच्या ग्रुपचं 40,000 लोन काढलं. मग जाऊबाईंना गरज होती, त्यांच्या नावावर मिळेना, म्हणून दुसऱ्या कंपनीचे 35,000 माझ्या नावावर काढून त्यांना दिले. सहा महिने त्यांनी हप्ता दिला, मग बंद. दोन्ही हप्ते ओढताना आणि थोरलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी तिसरीकडून 30,000 घेतले. आता महिन्याला 2,140, 1,870 आणि 2,020 असे हप्ते जातात. जूनमध्ये एक हप्ता कमी पडला म्हणून मोबाईलवर एका ऍपवरून लोन घेतलं. दाखवले 6,000, खात्यात आले 3,900. सात दिवसांनी 6,000 मागितले. नव्हते, तर म्हणाले 1,800 भरा, मुदत वाढवतो. असं तीनदा केलं. तरी 6,000 आहेतच. परवा त्यांनी माझ्या आधारच्या फोटोवर ‘चोर’ लिहून माझ्या बहिणीला पाठवला.

गेल्या सोमवारी मी ग्रुपच्या हप्त्याच्या मीटिंगला गेले नाही. ग्रुपच्या बायकांनी माझा हप्ता भरला. आता नळावर कोणी बोलत नाही. कंपनीचे वसुलीचे सर म्हणतात, 60,000 चं टॉप-अप, म्हणजे वरून आणखी एक लोन घ्या, सगळं बंद करून टाका. आईने दिलेल्या कुड्या आहेत, त्या मोडू का? मिस्टरांना यातलं पहिलं लोन तेवढं माहीत आहे. त्यांना न सांगता यातून सुटता येईल का?’

बाय, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही सुटता येणार. आणि टॉप-अप घेऊ नकोस. कुड्यांचं खाली बोलते, ते जरा वेगळं आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू हप्त्यांचा हिशेब रुपयापर्यंत दिला आहेस, म्हणजे तुला हिशेब येतो. घोळ हिशेबात नाहीच, लपवण्यात आहे. ही कर्जं ‘विनातारण’ म्हणून देतात ना? सोनं नको, घराचे कागद नकोत, फक्त पाच-दहा बायका एकमेकींसाठी उभ्या राहा. तारण आहे की. तुझं नळावर ताठ मानेने उभं राहणं, तेच तारण. ऍपवाल्याने तर उघडच तुझ्या फोनमधली नावं गहाण ठेवून घेतली. म्हणून तू एक हप्ता चुकू नये म्हणून दुसरीकडून काढतेस, आणि सात दिवसांत 3,900 वर 2,100 मागणाऱ्याकडेसुद्धा जातेस.

आमच्या घरी हे झालंय. डिचोलीच्या बाजारात बाबांचं छोटं दुकान होतं. एका वर्षी गणेश चवथीचा माल भरायला त्यांनी रोजच्या वसुलीवाल्याकडून हजार घेतले. लिहिले हजार, हातात साडेआठशे, रोज 10 रुपये, 100 दिवस. दीडशे रुपयांत काम झालं, असं बाबांना वाटलं. मी मोठी झाल्यावर हिशेब मांडून बघितला. रोज मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर तो दर वर्षाला 120 टक्क्यांच्या घरात जातो. त्या माणसाकडे चौकोनी खणांचं पिवळं कार्ड असायचं, रोज एका खणावर निळी फुली. दिवेलागणीला त्याच्या स्कूटरचा आवाज आला की आई दुकानाचं शटर अर्धं ओढायची. गिऱ्हाईक आत असलं तरी. बरं, पैसे गल्ल्यात असायचे, आम्ही बुडवणारे नव्हतो. शेजारच्यांनी बघू नये, एवढंच.

आता ऍपपासून सुरू कर, कारण ते सगळ्यात वाईट आणि सगळ्यात लहान आहे. हातात आले 3,900 आणि तू भरलेस 5,400. मुदत वाढवण्याच्या नावाखाली यापुढे एक पैसा देऊ नकोस, त्याने मुद्दल हलतच नाही. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम 2022 पासून आहेत, 2025 मध्ये ते नव्याने काढले. त्यानुसार कर्ज कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं आहे ते सांगावं लागतं, सगळा खर्च धरून वर्षाचा दर आधी लिहून द्यावा लागतो, आणि ऍपला तुझ्या फोनमधली नावं आणि फोटो बघता येत नाहीत. तुझ्या बहिणीचा नंबर त्यांच्याकडे गेला, यातच काय ते आलं. नोंदलेल्या ऍपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे. थोरलीला सांग, ती दोन मिनिटांत शोधेल. यादीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार कर. यादीत असेल तर ऍपच्या मागे असलेल्या कंपनीला लेखी विचार, किती घेतलं, किती भरलं, किती बाकी, आणि फोटो कोणी पाठवला.

फोटोचं मात्र पोलिसांत जायला हवं. 1930 वर फोन कर, किंवा रायबंदरच्या सायबर क्राईम ठाण्यात जा. ऍप काढून टाकायची घाई करू नकोस. आधी सगळे मेसेज, नंबर, भरलेल्या पैशांच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढून बहिणीच्या फोनवर ठेव. मग सेटिंगमध्ये जाऊन ऍपची परवानगी बंद कर. आणि आजच संध्याकाळी जवळच्या दहा-बारा जणांना तूच मेसेज टाक: ‘माझ्या नावाने काही फोटो आला तर तो ऍपवाल्यांचा आहे, मी पोलिसांत तक्रार केली आहे.’ पोलिसांत आधी जा म्हणजे ते खरं असेल. असा मेसेज गेला की त्यांच्या हातात काही उरत नाही.

ग्रुपची तीन कर्जं वेगळी. तिथे तुला फसवलेलं नाही, आणि नियम काही अंशी तुझ्या बाजूने आहेत. 2022 च्या एप्रिलपासून नियम असा आहे की वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुझा हिशेब मी करून बघितला. तुझे सात महिन्यांचे 98,000, मिस्टरांचे वर्षाचे 1,44,000. बाराने भागलं तर महिन्याला वीस हजारांच्या वर. निम्मे दहा हजार. तुझे हप्ते 6,030. कागदावर तू आरामात पास होतेस! म्हणूनच तर सरांना टॉप-अप सुचवायला जीभ चाचरत नाही.

पण तुझं वर्ष बाराने भागायचं नाही ना. तुझं वर्ष म्हणजे सीझन आणि पाऊस. जूनमध्ये घरात 12,000 आणि वरचे 1,500, त्यातले 6,030 गेले की उरले साडेसात हजारांच्या आत. चार माणसं, शाळेची पुस्तकं, गॅस, आणि पुढे चवथ तोंडावर. हा नियम कुठल्याही पगारदाराला ठीक आहे. आपल्या किनाऱ्यावर कामाला जाणाऱ्या बाईला तो मार्चमध्ये आणि जुलैत एकच आकडा लावतो. हे मला खटकतं, आणि तुझ्या अर्जात नेमकं हेच लिहायचं आहे.

म्हणजे असं. तिन्ही कंपन्यांना एकेक साधा अर्ज लिही, मराठीतच. माझं काम मोसमी आहे, सप्टेंबरपर्यंत इतका हप्ता देऊ शकते, ऑक्टोबरच्या पगारापासून पूर्ण देईन, मुदत वाढवून द्या. अडचणीत आलेल्या कर्जदाराला ओळखून त्याच्याशी बोलायची आणि मार्ग सांगायची व्यवस्था त्यांच्याकडे असायलाच हवी, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. ते मान्य करतीलच अशी खात्री मी देत नाही. पण अर्जाची एक प्रत शिक्का मारून घे. उत्तर आलं नाही किंवा कोणी अरेरावी केली, तर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेव्हा तोच शिक्का दाखवायचा. त्यांचा फोन 14448. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. लोन कार्ड काढून तपासून बघ.

आणि येत्या सोमवारी मीटिंगला जा. तुला वाटतंय न गेल्याने तोंड लपेल. नियम उलटा आहे. वसुली ठरलेल्या जागीच करायची, पण लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार आला नाही तर त्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी यायची मुभा मिळते. एकदा तू चुकवलीस. दुसऱ्यांदा चुकवलीस तर सर अंगणात, आणि मिस्टरांना सगळं भलत्याच तोंडून कळणार. जे असतील, अगदी 700 असले तरी घेऊन जा, पावती घे. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करायचा नाही, आणि शिवीगाळ तर कधीच नाही. (त्या सरांवर मी फार चिडत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, पाठीवर बॅग, स्वतःचा पगार वसुलीच्या आकड्यावर, आणि आयांच्या वयाच्या बायका त्याला ‘सर’ म्हणतात.)

ज्या बायकांनी तुझा हप्ता भरला त्यांच्याकडे मात्र मीटिंगच्या आधी जा, रविवारी. एकेकीच्या घरी. त्यांचा राग खरा आहे, त्यांनी त्यांच्या चवथीच्या पैशांतून भरला असेल. ‘तुमचे पैसे ऑक्टोबरच्या पगारातून आधी तुम्हाला, मग कंपनीला’ एवढं सांग आणि वहीत त्यांच्यासमोर लिही. मनात आणलं तर त्यातलीच एखादी पुढच्या वेळी तुझ्याबरोबर बँकेत येईल.

जाऊबाईंबद्दल तू पत्रात दोनच ओळी लिहिल्यास, आणि मला वाटतं खरी कळ तिथे आहे. कायद्याने ते 35,000 चं कर्ज तुझंच. सही तुझी, फोटो तुझा. कंपनीला जाऊबाई कोण हे माहीत नाही. तिच्या नावावर मिळत नव्हतं, हेच तेव्हा तुला थांबवायला पुरेसं होतं, पण आता ते बोलून उपयोग नाही. सासूबाई आणि दोघे भाऊ समोर असताना एकदाच, आवाज न चढवता सांग: इतके दिलेस, इतके राहिले, महिन्याला किती देशील ते लिहून दे. ती 500 म्हणाली तर 500. शून्यापेक्षा बरे. आणि तिचा हप्ता तू भरत राहिलीस तर तो तुझाच होऊन बसेल.

म्हणूनच मिस्टरांना त्याआधी सांगायला हवं. त्यांच्या भावाच्या घरची गोष्ट त्यांना भावाच्या तोंडून कळू देऊ नकोस. तू घाबरतेस ते समजतं. पण बघ, ते खाणपट्ट्यातले ड्रायव्हर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये पुन्हा, तेव्हा हप्ते थकलेले ट्रक गावोगाव कसे उभे राहिले ते त्यांनी पाहिलंय. कामच थांबल्यावर हप्ता कसा अंगावर येतो, हे त्यांना शिकवायला नको. मुली झोपल्यावर तिन्ही कार्डं आणि वही समोर ठेव, फोन त्यांच्या हातात दे. पहिल्या दिवशी ते बोलणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशी बोलतील. हात उगारतील अशी भीती असेल तर मात्र बहिणीला घरी बोलावून मग सांग, आणि 15100 या विधी सेवेच्या नंबरवर फोन कर. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

राहिल्या कुड्या. मोडू नकोस. पण डब्यातही ठेवू नकोस. तिसऱ्या कर्जाचे किती राहिले ते कार्डावर बघ, माझ्या अंदाजाने 22,000 च्या आसपास असतील. कुड्या एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण ठेवल्या तर दर साधारण 9-10 टक्क्यांच्या आसपास पडेल, तुझ्या ग्रुपच्या निम्म्याहून कमी. आणि वर्षाअखेर एकदम फेडायची सोय माग. तुझ्यासारखीला ती सोय सोन्याहून मोलाची, कारण पावसात हप्ताच नाही. 2,020 चा हप्ता लगेच बंद होतो. ऑक्टोबरपासून दर पगाराला 4,000 त्यात टाकलेस तर शिमग्याच्या सुमाराला कुड्या कानात. सगळा डाव त्या 4,000 वर आहे. ते दर महिन्याला टाकता येणार नाहीत असं वाटत असेल तर ठेवूच नकोस, वर्ष उलटल्यावर लिलावाची नोटीस येते. बाजारातल्या खासगी पेढीवर ठेवायचा मोह झाला, तर आमच्या दुकानातलं ते पिवळं कार्ड आठव.

पुढच्या वर्षी पैसे लागले तर पंचायतीतल्या स्वयंसाहाय्य गटाची चौकशी आधी कर. ग्रामीण उपजीविका मिशनच्या महिला गटांना 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी बँककर्ज मिळतं. वेळ लागतो, कागद जास्त, सर घरी येत नाहीत.

कुड्यांचे पैसे खात्यात आले की त्याच दिवशी तिसरं कर्ज फेड, आणि मिस्टरांना बरोबर घेऊन जा. कर्ज बंद झाल्याचा शिक्क्याचा कागद हातात पडल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. ‘नंतर पाठवतो’ म्हणतील, तरी बसून राहा.