नॅलॉक्सोन मोफत ठेवल्याने व्यसन वाढते का?

ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटॅनिल यांसारख्या अफूवर्गीय द्रव्यांच्या) ओव्हरडोसवरचे औषध नॅलॉक्सोन सार्वजनिक ठिकाणी मोफत ठेवले तर व्यसनी माणसांना मोकळे रान मिळणार नाही का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठामपणे 'नाही' असे आहे, आणि हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी श्वास बंद पडत चाललेला माणूस कधी पाहिलेला नसतो.

मी न्यू जर्सीतील एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. तेथील स्वच्छतागृहात गेल्या हिवाळ्यात एक तरुण भिंतीला टेकून पडलेला आढळला. त्याचे ओठ निळे पडले होते आणि घशातून मधूनच घरघर येत होती. सहकाऱ्याने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला आणि मी बाहेरच्या पेटीतला नॅलॉक्सोनचा स्प्रे आणून त्याच्या नाकपुडीत दाबला. दोन-तीन मिनिटांत फरक दिसेना, म्हणून दुसऱ्या नाकपुडीत दुसरा दिला, तेव्हा कुठे त्याने खोल श्वास घेतला. शुद्धीवर येताच तो ओकला, कुडकुडू लागला आणि आमच्यावरच चिडला, कारण हे औषध नशा एका झटक्यात उतरवते आणि शरीराला नशा तुटल्याच्या यातना तत्काळ सुरू होतात. या यातनांच्या भरवशावर कोणी जास्त नशा करील, हे मला मुळीच पटत नाही. शिवाय बेशुद्ध माणूस स्वतःला स्प्रे देऊ शकत नाही. म्हणूनच तो आजूबाजूच्यांच्या हाताशी हवा.

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात अशी पेटी लावावी, असे मी सुचवले होते. "आपल्या मुलांना याची काय गरज?" असे म्हणून एका ज्येष्ठ काकांनी विषयच संपवला. हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट प्रभावी असलेले फेंटॅनिल आज डॉक्टरी वेदनाशामकांसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत सापडते, आणि मित्राने दिलेली अशी एक गोळी घेणारा मुलगा व्यसनी असावाच लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड वेदनाशामक घेणारे आपल्याच वयाचे लोकही या धोक्याबाहेर नाहीत. खर्चाची सबबही टिकत नाही, कारण जानेवारी २०२३ पासून आमच्या राज्यात १४ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या कोणालाही योजनेत सहभागी असलेल्या औषध दुकानांतून नॅलॉक्सोन स्वतःचे नाव न सांगता मोफत मिळते.

अर्थात, याचा परिणाम ३० ते ९० मिनिटेच टिकतो आणि नंतर श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळे रुग्णवाहिका बोलवावीच लागते. फिलाडेल्फियातील फेंटॅनिलमध्ये मिसळलेल्या झायलाझिन या जनावरांच्या गुंगीच्या औषधावर तर याचा उपयोग होत नाही; तरीही फेंटॅनिलचा भाग उतरावा म्हणून ते द्यायचेच असते. पेटी म्हणजे व्यसनमुक्तीचे उपचारही नव्हेत. पण उपचार घ्यायला माणूस जिवंत असावा लागतो, हे मी त्या बैठकीत बोलायला हवे होते आणि कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत प्रस्ताव पुन्हा मांडताना काकांसमोर बोलणार आहे.