पॉड मशीन की एस्प्रेसो मशीन? आधी ग्राइंडर घ्या

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, वाघोलीला राहतो. बोनसचे ६०,००० रुपये हातात आहेत. मला १८,००० रुपयांचं पॉड मशीन घ्यायचं आहे. एक पॉड, म्हणजे एका कपाच्या कॉफीची सीलबंद डबी, ६० रुपयांना पडतो. यजमानांच्या यादीत एस्प्रेसो मशीन २५,०००, ग्राइंडर १५,००० आणि वजनकाटा, टॅम्पर (कॉफीची पूड दाबायचा ठोकळा) वगैरे ५,००० असे ४५,००० आहेत. रोज सकाळी दोघांना एकेक कप लागतो. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी कॅफेत जाणारे महिन्याचे ४,५०० वाचतील असं वाटतं. ग्राइंडर वगळून खर्च कमी करावा का? आणि मशीन नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन बोनस एफडीत ठेवावा का?

उत्तर: तुम्ही दोघं मशीनच्या किमतीवर भांडताय असं दिसतं. ती किंमत एकदाच द्यायची आहे. कपाची किंमत मात्र रोज द्यावी लागणार, म्हणून हिशोब तिथून सुरू करू.

पॉड मशीनचा धंदा प्रिंटरसारखा आहे, मशीन परवडतं आणि शाई महाग पडते. नेस्प्रेसो ही पॉड मशीनवाली कंपनी १९८६ साली बाजारात आली तेव्हापासून कमाई कॅप्सूलवरच, म्हणजे पॉडवरच आहे. त्या छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. ६० रुपयांना तेवढ्याने भागा, म्हणजे ग्रॅमला जवळपास ११ रुपये झाले. चिकमगळूरच्या चांगल्या बियांचं पाव किलोचं पाकीट ५५० रुपयांना धरलं तर ग्रॅमला २ रुपये २० पैसे. पाचपट फरक आहे, आणि तो दर सकाळी द्यायचा आहे.

आता कप. घरच्या मशीनवर १८ ग्रॅमचा डबल शॉट (एका वेळी काढलेली दुप्पट कॉफी) काढून दोघांत वाटला तर कॉफी ४० रुपयांची. दळण जुळवताना वाया जाणारी धरून मी ५० म्हणतो. पॉडचे दोन कप १२० रुपयांचे. (दूध दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडून दिलं.) शिवाय तुमच्या वाट्याला इकडे ९ ग्रॅम कॉफी येते, तिकडे साडेपाच. दुधाच्या मोठ्या मगात एक पॉड कुठल्या कुठे हरवतो, मग माणूस दुसरा टाकतो आणि बजेट दुप्पट होतं. पॉडवाल्या घरांत हे मी हमखास बघतो.

रोजचा फरक ७० रुपये. यजमानांचा सेट २७,००० रुपयांनी महाग आहे, तो फरक तेरा महिन्यांत भरून निघतो. पण रोज केली तर! शनिवार-रविवारच केली तर त्याच भरपाईला पावणेचार वर्षं लागतील. म्हणजे कॉफी जितकी कमी वेळा होणार, तितकं पॉड मशीन शहाणपणाचं. लोकांना हे उलटं वाटतं.

कॅफेच्या बचतीवर मात्र माझा विश्वास नाही. प्रभात रोडच्या कॅफेत शनिवारी संध्याकाळी तुम्ही कॉफी प्यायला जाता की घराबाहेर बसायला? निम्मं जाणं कमी होईल असं धरू, म्हणजे वर्षाला २७,००० वाचले. रोजच्या पॉडना वर्षाला ४३,८०० लागतील. म्हणजे १८,००० चं मशीन घेऊन वर दरवर्षी १६,८०० जादा. एस्प्रेसोला वर्षाचे १८,२५० लागतात, म्हणजे पावणेनऊ हजार शिल्लक. त्यातून ४५,००० वसूल व्हायला पाच वर्षं. दोन्हींना बचत म्हणू नका, हौस म्हणा. हौसेला माझी ना नाही, बोनस त्यासाठीही असतो.

ग्राइंडर वगळायचा विचार तेवढा सोडा. एस्प्रेसोत सुमारे ९ बारच्या दाबाने पाणी २५-३० सेकंदांत कॉफीतून जायला हवं, आणि ते सगळं दळणाच्या बारीकपणावर ठरतं. ग्राइंडर नसेल तर तयार दळलेली कॉफी आणावी लागते, ती पाकीट फोडल्यावर झपाट्याने उतरते, आणि शॉट भराभर वाहून गेला तर तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. खोक्यावरच्या ‘१५ बार’, ‘१९ बार’कडे दुर्लक्ष करा, ती पंपाची ताकद आहे, चव नव्हे.

खरा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेला नाही: सकाळी करणार कोण? एस्प्रेसो मशीन नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं, मग दळणं, दाबणं, नंतर दूध फेसाळायची वाफेची दांडी पुसणं. वाघोलीच्या ट्रॅफिकला तोंड द्यायचं असताना हे रोज होईल का, याचं उत्तर उत्साहात मिळत नाही. म्हणून माझा सल्ला तिसराच आहे. यादीतला १५,००० चा ग्राइंडर आत्ता घ्या, एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा, आणि सोबत ३,००० च्या आतला एक मोका पॉट. झाले १८,०००, म्हणजे तुमच्या पॉड मशीनचेच पैसे. मोका पॉट म्हणजे बियालेत्तीने १९३३ मध्ये इटलीत आणलेलं ते गॅसवर ठेवायचं भांडं. त्यात दाब एस्प्रेसोपेक्षा बराच कमी, पण दुधात टिकेल इतकी कडक कॉफी होते. दिवाळीपर्यंत बघा. ग्राइंडर रोज फिरला तर उरलेल्या ४२,००० मधले ३०,००० यजमानांच्या मशीनला आणि काटा-टॅम्परला द्या. धूळ खात पडला तर ते पैसे वाचले, आणि ग्राइंडर साध्या फिल्टर कॉफीलाही चालतोच.

एवढं करूनही पॉडच हवं असेल, तर नेस्प्रेसोच्या जुन्या ‘ओरिजिनल’ पद्धतीचं मशीन घ्या. त्याची मूळ पेटंटं संपली आहेत, त्यामुळे भारतातल्या काही कंपन्याही त्यात बसणाऱ्या कॅप्सूल विकतात. ‘व्हर्टुओ’ पद्धतीत मशीन कॅप्सूलवरचा बारकोड वाचतं, तिथे तुमची निवड फार आखडते. १८,००० त दूध फेसाळायचं उपकरण येतं का, तेही विचारून घ्या. बऱ्याचदा ते वेगळं असतं.

ईएमआयचं थोडक्यात: नो-कॉस्टमध्ये व्याज सवलतीच्या रूपाने परत दिल्याचं दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. एफडीच्या व्याजावर प्राप्तिकरही आहे. एवढ्या रकमेसाठी ही कसरत कशाला? रोख द्या आणि रोखीची सूट मागा.

टँकरचं पाणी येत असेल तर मशीन कुठलंही असो, क्षार साचणार. डीस्केलिंगच्या पावडरीचे पैसे आणि पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का ही चौकशी खरेदीआधी करा. आणि यजमानांना सांगा, टॅम्पर आत्ता ऑर्डर करू नका. बास्केट, म्हणजे मशीनमधली पूड भरायची जाळीची वाटी, कुठे ५१ मिलिमीटरची असते, कुठे ५८ ची. मशीन ठरल्याशिवाय तो घेतला तर बसणार नाही.